ओतोसानची राहून गेलेली शर्यत

टोकियोच्या कोतो वॉर्डातल्या आमच्या घरात काहीही साठत नाही. जळणारा कचरा एका वारी, प्लास्टिक दुसऱ्या वारी, जुने पेपर दोरीने बांधून तिसऱ्या वारी, असं सगळं वेळच्या वेळी घराबाहेर जातं. किस्से मात्र कुठल्या वारी बाहेर ठेवायचे, ते वॉर्ड ऑफिसच्या तक्त्यात दिलेलं नाही. त्यामुळे ते साठत जातात. त्यातले निम्मे माझ्या सासऱ्यांचे, आणि सासऱ्यांचे सगळेच्या सगळे हर्डल्सचे!

हे नव्वदच्या दशकातले. मी पुण्याहून टोकियोला केमिस्ट्रीत पीएच.डी. करायला आले, केन्जीशी लग्न केलं आणि सासू-सासऱ्यांबरोबर राहायला लागले. आमच्या भागात, तोयोसुला, तेव्हा टॉवर-बिवर काही नव्हतं, गोदामं होती आणि वारा होता. सासरे म्हणजे ओतोसान, शाळेतले रिटायर्ड पीटीचे मास्तर. सासूबाई म्हणजे ओकासान. जपानीत बाबा आणि आई, बस. नात्यांत मला नवं काही शिकावं लागलं नाही. बाकीचं सगळं शिकावं लागलं.

*

लग्नाआधी केन्जी मला घरी घेऊन गेला तेव्हा मी दोन आठवडे आदरार्थी जपानी घोकलं होतं. शाकाहारी का, देव किती, परत जाणार का, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार. ओतोसाननी शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या देशाला ऑलिम्पिकमधलं पहिलं मेडल कशात मिळालं?"

"हॉकी!" मी ठोकून दिलं.

ओतोसाननी केन्जीकडे पाहिलं. मुलाने चौकशी न करता मुलगी पसंत केली की बाप जसा बघतो, तसं.

"हर्डल्स," ते म्हणाले. "एकोणीसशे साली, पॅरिसला. दोनशे मीटर. कलकत्त्याहून गेलेला माणूस. दुसरा आला."

मी मान खाली घातली. आता संपलंच, असं वाटलं.

"काही लोक ते मेडल इंग्लंडच्या खात्यावर टाकतात," ओतोसान पुढे म्हणाले. "या घरात ते भारताचंच आहे."

आमच्याकडे पत्रिका जुळते का ते बघतात. माझं लग्न एका परक्या माणसाच्या दुसऱ्या नंबरावर जुळलं.

परत येताना मी केन्जीला विचारलं, "तू का नाही कधी हर्डल्स पळलास?"

"मी रांगायला लागलो तेव्हा आमच्या घरात एकही उंबरठा नव्हता," केन्जी म्हणाला. "बाबांनी बसवून घेतला."

*

जेवताना ओतोसान हर्डल्सच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलत. बाकी कशाबद्दल ते जेवताना बोलतच नसत. मुळात हर्डल म्हणजे इंग्लंडमधल्या मेंढ्यांचं कुंपण. ते जमिनीत ठोकलेलं असायचं. अडखळलं की कुंपण नाही, माणूस पडायचा. पुढे सुटी हर्डल्स आली, पण तीन पाडली की बाद! पॅरिसला तर चारशे मीटरच्या शर्यतीत तारायंत्राचे खांब आडवे टाकले होते, आणि ते संपले की शेवटी पाण्याचा खड्डा.

"खांब!" ओतोसान चॉपस्टिक्स हवेत आडव्या धरून म्हणत. "आणि मग पाणी!"

हे ऐकून ओकासाननी चाळीस वर्षांत एकदाच मत दिलं होतं. ते केन्जी लहान असताना. "बाथरूममधला टब मिळणार नाही," त्या म्हणाल्या होत्या.

आणि आताची हर्डल्स? ती ओतोसानना मान्यच नव्हती. "आजचं हर्डल पक्कं जपानी आहे," ते म्हणत. "धक्का तुम्ही मारायचा, आणि वाकून माफी ते मागणार!"

*

बर्वे आमच्याकडे आला तो वरण-भातासाठी. फुनाबोरीला एका खोलीत राहणारा, पुण्याचाच, आमच्या इन्स्टिट्यूटमधे पोस्टडॉक. आयुष्यात बस पकडायलासुद्धा न धावलेला. तो दुसऱ्यांदा भात वाढून घेत असताना ओतोसाननी त्याला विचारलं, "रविवारी सकाळी काय करता?"

"काही नाही," बर्वे म्हणाला. माणसाने असं उत्तर कधीही देऊ नये.

रविवारी आम्ही सगळे नदीकाठच्या गवताच्या ग्राउंडवर. ओतोसान, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त ईदा-सान, मी, आणि नवीन इस्त्रीच्या पँटमधे बर्वे. ईदा-सान जहाजाच्या गोदीत सुतारकाम करून रिटायर झालेले. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते ओतोसानच्या विरुद्ध.

बर्वे धावत हर्डलपाशी आला, थांबला, दोन्ही पाय पोटाशी घेऊन बेडकासारखा पलीकडे पडला आणि हर्डलला "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणाला. मला हसू आवरेना. ओतोसानच्या डोळ्यांत मात्र पाणी!

"पाहिलंत?" ते ईदा-सानना म्हणाले. "पुढचा पाय सरळ टाकायची पद्धत निघायच्या आधी लोक अशीच उडी मारत. अस्सल! आता जगात कुठे बघायला मिळत नाही!"

बर्वे खूश. इतका खूश की तो गुपचूप रोज प्रॅक्टिस करू लागला. दोन महिन्यांत पुढचा पाय सरळ जायला लागला, थांबणं बंद झालं. ओतोसाननी त्याला बाजूला घेतलं.

"बर्वे-सान, तुम्ही बिघडत चालला आहात."

"सॉरी," बर्वे म्हणाला.

"तुमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची चीज होती. ती तुम्ही घालवताय."

बर्वे मला नंतर म्हणाला, "मेधाताई, पीएच.डी.च्या गाइडने मला आयुष्यभर सुधार म्हणून सांगितलं. सुधारू नकोस म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी काय करू?"

मी म्हटलं, "भात घे."

*

त्या वर्षी ओतोसानच्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात ऑपरेशन, आणि त्यानंतर उड्या कायमच्या बंद. ओतोसाननी मान डोलावली, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि दवाखान्यातून थेट ईदा-सानच्या घरी गेले.

तेव्हा मला ती गोष्ट कळली. ईदा-साननी सांगितली, कारण ओतोसान सांगणारे नव्हते. दोघं शाळेत असताना आंतरशालेय शर्यतीसाठी निवडले गेले होते. शाळेत जुनी, जड, लाकडी हर्डल्स होती. दोघांनी वर्षभर तयारी केली. मग युद्धातल्या एका थंडीत ती हर्डल्स सरपणाला गेली. शर्यत झालीच नाही. "ती राहूनच गेली," ईदा-सान म्हणाले आणि चहा ओतायला लागले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला हर्डल्सचं वेड आहे असं समजून हसत होते.

तर ओतोसानना एवढंच हवं होतं. ऑपरेशनच्या आधी एकदा जुन्या पद्धतीने, जमिनीत ठोकलेल्या दहा कुंपणांवरून, स्वतःच्या पायांनी, कुणाचा हात न धरता शेवटच्या रेघेपर्यंत जायचं. दोनशे मीटर, कलकत्त्याच्या माणसाचीच शर्यत. कुंपणाची उंचीही तेव्हाचीच, मांडीपर्यंत.

"पण पडलात तर?" केन्जीने विचारलं.

"तेव्हाही पडत," ओतोसान म्हणाले.

 त्या दिवशी ओकासानकडून टोफू जरा जोरात कापला गेला, एवढंच.

*

ईदा-साननी कुंपणं बनवली. ओतोसान, ते स्वतः आणि बर्वे, अशी तीन माणसं शेजारी शेजारी उडी मारतील एवढी रुंद. आणि माणूस जहाजाच्या गोदीतला, त्यामुळे ठोकली अशी की समुद्र आला तरी हलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसचे एक साहेब सायकलवरून आले. तरुण, घामेजलेले, अत्यंत नम्र. नदीकाठी काहीही कायमचं ठोकायला मनाई आहे, असं त्यांनी माफी मागत सांगितलं.

"हे खेळाचं साहित्य आहे की कुंपण?" त्यांनी विचारलं. खेळाचं साहित्य असेल तर रोज संध्याकाळी काढायला हवं, आणि कुंपण असेल तर वेगळा विभाग.

खोटं बोलणं ओतोसानच्या स्वभावातच नाही. ते म्हणाले, "मुळात हे मेंढ्यांचं कुंपण आहे."

साहेबांचा चेहरा पडला. "मेंढ्या किती आहेत?"

"मेंढ्या नाहीत."

"पुढे येणार आहेत का? कारण प्राण्यांचा विभाग आणखी वेगळा आहे."

"आम्ही तिघं आहोत," ओतोसान म्हणाले.

साहेबांनी तिघांकडे पाहिलं. बर्वेकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्यांनी बराच विचार करून ऑक्टोबरातल्या क्रीडादिनाच्या सुट्टीपुरती परवानगी दिली. पुढच्या वर्षीचं विचारू नका, म्हणाले, कारण वसंतात तिथे बेसबॉलचं ग्राउंड होणार होतं, गवत सगळं काढून. मग त्यांनी पुन्हा माफी मागितली. आम्हीही मागितली. सगळ्यांची माफी मागून होईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली.

*

आणि क्रीडादिन उजाडला. प्रेक्षक म्हणजे केन्जी, ओकासान, आमची चार वर्षांची मिओ आणि वॉर्ड ऑफिसचे तेच साहेब. ते सुट्टीच्या दिवशी टाय लावून आले होते. पंच मी. पंचाकडे शिट्टी आणि स्टॉपवॉच.

शिट्टी वाजली, तिघं निघाले. बर्वे सगळ्यांच्या पुढे गेला आणि पहिला आला. हे कुणी पाहिलंच नाही. तो आजही दर वेळी आठवण करून देतो.

आमचे डोळे ओतोसानवर. पहिलं कुंपण झालं, दुसरं झालं. सुंदर, हलक्या उड्या. या माणसाला इतकी वर्षं जेवणाच्या टेबलाशी बघणारी मी, शिट्टी तोंडात धरून रडायला लागले. सहाव्याला पाय घासला. आठव्याला ते थांबल्यासारखे झाले, पण गेले. ईदा-सान त्यांच्या थोडे पुढे होते.

नवव्यावर ओतोसानचा गुडघा अडकला. एक पाय पलीकडे गेला, दुसरा आलाच नाही. ते कुंपणावर घोड्यावर बसल्यासारखे बसले. कुंपण अर्थातच हललं नाही, ईदा-सानचं होतं. ओतोसानना पुढे उतरता येईना आणि मागेही.

केन्जी धावला.

"हात लावू नकोस!" ओतोसान ओरडले. "मदत घेतली की बाद!"

केन्जी दोन हात पुढे केलेले तसेच ठेवून उभा राहिला.

ईदा-सान तोवर दहावं ओलांडून शेवटच्या रेघेपाशी पोचले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. मग ते परत आले, दहाव्या कुंपणावरून उलट दिशेने उडी मारून, आणि नवव्यावर ओतोसानच्या शेजारी जाऊन बसले.

"तुला काय झालं?" ओतोसाननी विचारलं.

"माझाही गुडघा," ईदा-सान म्हणाले. त्यांचा गुडघा ठणठणीत होता. अजूनही आहे.

दोघं बसून राहिले. नदीवरून वारा येत होता. दोघं काहीतरी बोलत होते, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. जेवणाची वेळ झाली. मिओ जपानीत म्हणाली, "आजोबा हरले का?" 

तेव्हा ओकासान उठल्या. डब्यांचं गाठोडं घेतलं, ग्राउंड ओलांडून कुंपणापाशी गेल्या आणि दोघांच्या हातांत एकेक भाताचा गोळा ठेवला.

वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. केन्जीनेही पाहिलं. बर्वेने तर आशेने पाहिलं. डबा म्हणजे मदत का? मी पंच होते. जुन्या नियमांत डब्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी शिट्टी खिशात टाकली.

दोघं सावकाश जेवले. ओकासान शेजारी उभ्या राहून थर्मासमधला चहा देत होत्या. जेवण झाल्यावर ओतोसाननी कप परत केला, तोंड पुसलं, मागचा पाय दोन्ही हातांनी धरून उचलला आणि पलीकडे आणला. खाली उतरले. चालत दहाव्यापाशी गेले, त्यावर बसले, वळले, पलीकडे उतरले. ईदा-सान त्यांच्या मागे, बरोब्बर एक पाऊल मागे. रेघ आधी ओतोसाननी ओलांडली. कुणीही त्यांना हात लावला नव्हता.

टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी खाली पाहिलं तर स्टॉपवॉच अजून चालूच होतं.

जपानमधे काहीही संपलं, सहल असो की शर्यत, की लगेच हान्सेइकाई होते. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकाने उभं राहून आपलं काय चुकलं ते सांगायचं, वाकायचं आणि खाली बसायचं. तशी आम्हीही गवतावर गोल बसून केली.

बर्वे उठला. "मी पहिला आलो, याबद्दल दिलगीर आहे."

ईदा-सान उठले. "सुरुवातीला मी घाई केली."

ओकासान उठल्या. "लोणचं कमी पडलं."

सगळ्यांच्या शेवटी ओतोसान, केन्जीचा हात बाजूला सारून, स्वतःचे स्वतः उभे राहिले. आम्हाला वाकून नमस्कार केला. मग त्या दहा कुंपणांकडे वळून, तितकंच खाली वाकून, त्यांनाही केला.

"नवव्याला माझा थोडा वेळ गेला," ओतोसान म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारणा करीन."