जांभळाच्या बियांची रेघ

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी प्रयोगशाळा होती. उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, काचेच्या बंद कुपीत सोडायच्या, त्यात जांभळाच्या बियांचा अर्क घालायचा आणि पेशी किती ऑक्सिजन घेतात ते मोजायचं, हे माझं काम. ऑक्सिजन घटला की मशीनचं पेन कागदावर रेघ ओढत खाली सरकायचं. दिवसभर त्या पेनाकडे बघून मान अवघडायची. कुपीत एक बुडबुडा राहिला की सगळं पहिल्यापासून. कंटाळा यायचा, अगदी रडू येईपर्यंत.

अर्क घातला की रेघ झपकन उतरायची. पेशी जोमानं श्वास घेतायत, असा आम्ही अर्थ लावला. सर खूश झाले. आणि मी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! नेरुळला घरी जाऊन आईला सांगून मोकळी झाले. आईला मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घ्यायची.

"म्हणजे त्या पेशी जाग्या होतात?" तिनं विचारलं.

मी दमलेली होते. हो म्हणाले.

तिनं बियांची पूड सुरू केली आणि डॉक्टरांना न विचारता संध्याकाळचं इंजेक्शन सोडलं. मी रागावले, पण लटकंच. आतून सुखावले होते. सोसायटीतल्या बायकांना ती सांगायची, "आमच्या पोरीनं मशीनवर बघितलंय." मीही रोज आल्या आल्या विचारायचे, "पूड घेतलीस?"

दोनेक महिन्यांनी एका दुपारी सगळ्या पेशी मेल्या. मशीन नुसतं कशाला ठेवायचं, म्हणून मी कुपीत पेशींशिवायच अर्क घातला. रेघ तशीच झपकन उतरली. तीनदा करून बघितलं. चिरलेलं सफरचंद हवेत काळं पडतं, तसा तो अर्क स्वतःच ऑक्सिजन गिळत होता. अर्काशिवाय पेशी आम्ही रोज तपासायचो. पेशींशिवाय अर्क तपासावा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सरांनी कागद बघितला आणि ते म्हणाले, "चहा सांगा."

बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. आई कणीक मळत होती. चप्पलही न काढता मी सगळं सांगितलं. "आई, आजपासून संध्याकाळचं इंजेक्शन घे. माझं चुकलं."

"ते पंधरा दिवसांपूर्वीच सुरू केलंय," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन आले."

"मग पूड? ती तर रोज घेतेस."

"तू रोज विचारायचीस ना," ती म्हणाली आणि परातीत थोडं पाणी घातलं. "किती कडू असते माहितीये?"