कळशी कोणाची उतरवायची

सासू माझ्या डोक्यावरची कळशी कधी उतरवत नसे. मोठ्या जावेवर तशी वेळच येत नसे, कारण तिला पाण्याला पाठवतच नसत. माझ्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं.

गोवा मुक्त झाल्यावर तीन-चार वर्षांनी मी मयेहून लग्न होऊन पेडण्यात आले. घरात सासू, मोठे दीर आणि जाऊ, माझा नवरा आणि मी. दीर डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवत, रविवारी घरी येत. जाऊ अंगणातल्या तुळशीपलीकडे पाऊल टाकत नसे. विहीर, शेत, काजूचा डोंगर, सगळं माझ्या वाट्याला. सासू तिला न्हाऊ घाली, बांगड्याचा मधला तुकडा तिच्या ताटात वाढी, आणि मला शेपूट. जाऊ म्हणजे सासूच्या गळ्यातला ताईत. मी जळायचे, आणि चांगली धगधगून जळायचे.

विहिरीची वाट जुन्या चौकीवरून जाई. पोर्तुगीज शिपायांना आमच्याकडे पाखले म्हणत, त्यांची ती चौकी. आता तिला दार नव्हतं, आत कोणाच्या तरी बकऱ्या बांधलेल्या असत. भरली कळशी तिच्या पायरीवर टेकवून मी दम घ्यायचे, पदर सारखा करायचे. वर पाहिलं की आमच्या घराच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, जाऊ बसलेली दिसे. कुळं नीट राबतात की नाही ते बघणाऱ्या भाटकारणीसारखी, असं मला वाटे.

माझा एकच तोरा होता, माझा नवरा. पाखल्यांविरुद्ध पत्रकं वाटून तो सावंतवाडीला निसटला होता. परत आल्यावर गावाने त्याला हार घातला. तो वाळका हार मी खुंटीवरून काढू दिला नव्हता.

एका सकाळी मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं. म्हटलं, आज बघू राणीसाहेब काय करतात. सासूने स्वतः कळशी उचलली आणि निघाली. गुडघे धरून चालणारी बाई! माझा तोल गेला. जावेला म्हटलं, "वयनी, तुमच्या पायांना मेंदी लावली आहे का? म्हातारी गेली पाण्याला, दिसत नाही?"

ती उठली. दुसरी कळशी घेतली आणि सासूच्या मागे निघाली. मी जिंकले म्हणून जनेलात जाऊन बसले, तिच्याच जागेवर. चौकीपर्यंत ती नीट चालली. मग कळशी हातातून सुटली आणि ती रस्त्यात मटकन बसली. मी मुरगळलेल्या पायाने धावत सुटले. आवाज ऐकून सासूही अर्ध्या वाटेतून परतली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्या घोवाक सोधूक इले पाखले," ती म्हणाली. "तो गावलो नाय, म्हणान हिका धरल्यानी. तीन दिस हयच भितर ठेवल्यानी. त्या दिसा पाण्याक मियाच धाडलंय हिका. म्हटलंय, बायलेक कोण हात लावतलो?"

माझ्या नवऱ्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मी त्याचा हार जपत होते. मला स्वतःची लाज वाटली, त्याची चीड आली. त्या पायरीकडे माझ्याने बघवेना.

जाऊ पदराने तोंड पुसत म्हणाली, "तू हयच कळशी टेकयतंस. पदर सारको करतंस नि चलाक लागतंस. मी रोज बघतंय. माका तुझो हेवो येता, गो."

घरी गेल्यावर आधी मी तो हार चुलीत घातला. नवऱ्याने संध्याकाळी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं आणि सदरा दाराच्या कडीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्याबरोबर तुळशीपलीकडे आली. काही दिवसांनी चौकीच्या अलीकडच्या वळणापर्यंत. चौकीच्या बाजूला मी चालायचे. कितीदा तरी रिकाम्या कळशीने परतलो. काजूचा हंगाम सरता सरता एकदा ती विहिरीपर्यंत पोहोचली. तिने स्वतः पाणी शेंदलं, आणि येताना त्या पायरीसमोर न थांबता, पाणी न सांडता घरी आली.

सासू दारात उभी होती. मला वाटलं, आता धावेल लाडकीकडे. ती माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरची कळशी उतरवली. जावेच्या कळशीला तिने हातही लावला नाही, नुसती वाटेतून बाजूला झाली, मानाच्या माणसाला वाट द्यावी तशी. जाऊ ताठ मानेने उंबरा ओलांडून आत गेली.

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि मी तिथे मोकळ्या डोक्याने उभी राहून पुन्हा तिच्यावरच जळत होते.