गायब झालेले राव सर आणि माझी अॅडमिशन

राव सरांनी त्यांचा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि लेक्चर लावलं. पानं उलटल्याची सळसळ ऐकू आली. राव सर ऐकू आले नाहीत. तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तशी कुरकुर तेवढी येत होती.

दिलसुखनगरच्या एका छोट्या स्टुडिओत मी आठ वर्षं रेकॉर्डिस्ट होते. राव सर जवळच्याच कोचिंग सेंटरमध्ये केमिस्ट्री शिकवायचे, बोलायचे दखनी हिंदीत आणि सगळ्या मुलींना अम्मा म्हणायचे. त्यांची सगळी लेक्चर्स मीच रेकॉर्ड केली होती. हेडफोनवर ती स्वच्छ होती. मुलांच्या साध्या फोनवर मात्र सर गायब.

त्यात माझ्या बॅगेत एक फॉर्म होता. ऑडिओ इंजिनिअरिंगची शाळा, वर्षभर, फुल टाइम. भरायला दोन दिवस उरले होते. माझं वय एकतीस. आमचे मालक जाधव सर मूळचे नांदेडकडचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शाळेत जाऊन काय शिकणार तू? कान हायेत की. गेलीस तर खुर्ची धरून ठेवणार नाही मी." विद्यानगरला घरी बाबांचंही तेच. रोज फॉर्म काढायचा, पेन उघडायचं आणि परत ठेवायचं, असं चाललं होतं. झोप उडाली होती.

सरांसमोर मी एकेक करून पाहिलं. आवाज वाढवला. फाइल दुसऱ्या फोनवर लावली. शेवटी वैतागून डावा चॅनेल बंद केला. चॅनेल म्हणजे रेकॉर्डिंगची एक बाजू. सरांच्या टेबलावर दोन माइक शेजारी शेजारी असायचे, एकाचा आवाज डाव्या बाजूला जायचा, दुसऱ्याचा उजव्या. डावी बंद केली आणि राव सर खणखणीत बोलायला लागले.

"हो गया सर," मी सुटकेचा श्वास सोडला.

"हुआ, मालूम. लेकिन कैकू हुआ था, अम्मा?"

मी डावी बाजू परत सुरू केली. सर पुन्हा गायब.

"अब्बी छे लेक्चर बाकी है. फिर होता क्या नै होता, इत्ताच बोलो."

तेवढंच मला सांगता येईना. आठ वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं. बिघडलं की मी सुरळीत करायची, लोक थँक्यू म्हणून जायचे. "देखके बोलती सर," म्हणून मी वेळ मारून नेली आणि जाधव सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"एक बाजू बंद करायची," ते म्हणाले. "मी बी तेच करतो."

"पण असं का होतं, सर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "कामून होतं ते मला ठाव नाही बाई. वीस वर्षं झाली. काम निघतंय."

मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. अजून बारा वर्षं तिथेच बसले असते तर मीही चष्मा पुसत हेच सांगितलं असतं. डबा खायच्या टेबलावर मी फॉर्म भरला. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की शाळेतल्या बाईंनी फोन करून माझं नाव विचारलं.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात उत्तर मिळालं, पंधरा मिनिटांत, फळ्यावर. माइकच्या केबलमधल्या दोन तारा जोडताना अदलाबदल झाली, की एक माइक आवाज पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या कानांत जातात, म्हणून कळत नाही. साध्या फोनला स्पीकर एकच. तिथे दोघे भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

मी जाधव सरांना फोन केला. माझ्या खुर्चीत एव्हाना दुसरी मुलगी बसत होती, तरी त्यांनी रविवारी बोलावलं. चौदा केबल उघडून पाहिल्या. तीन उलट्या निघाल्या. तिन्हींचं सोल्डरिंग माझंच होतं.

त्या केबल मी जोडल्या तेव्हा कानाने तपासल्या होत्या, एकेक करून, हेडफोन लावून. एकटी ऐकली तर उलटी केबलही सुलटीच वाटते.