हल्लेखोराला गाव विचारायचं नाही!

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या महिला मंडळात पापड कमी आणि किस्से जास्त लाटले जातात. एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि पीठ तसंच वाळत पडतं. पण कुठूनही सुरुवात होवो, गाडी शेवटी येऊन थांबते ती पुण्याच्या सरांच्या स्वसंरक्षण शिबिरावर! ते शिबिर मंडळात आणलं मी. त्यामुळे डोक्याला झालेला तापही सगळा माझाच.

आणलं कशासाठी, तर माझ्या धाकट्या जावेसाठी. वैशाली इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाला होती. संध्याकाळच्या एस.टी.त एक माणूस रोज मुद्दाम तिच्या मागच्या सीटवर बसायचा आणि सीटच्या फटीतून बोटं घालायचा. जागा बदलली तरी मागे हजर! तिने रडतरडत मला सांगितलं, ते सासऱ्यांच्या कानावर गेलं. मामंजींचा न्याय तयारच होता.

"नोकरी सोड."

म्हणजे बोटं घालणार तो, आणि घरी बसणार ही! दीर बायकोच्या बाजूचा. पण वडिलांसमोर त्याचा आवाज फुटत नाही. शेवटी मीच भांडले, पुण्याच्या सरांचं शिबिर मंडळात आणते म्हटलं, तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले, "शिबिर कर म्हणावं. मग बघू."

*

सर उंच, काळा टी-शर्ट, कमरेला मोबाइल. तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये मोबाइल तो एकच. पहिलंच वाक्य, "हे कराटे नाही. हे रिॲलिटी-बेस्ड ट्रेनिंग आहे. इथं सगळं खऱ्यासारखं!"

आमच्या शेवंताकाकूंनी हात वर केला. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, मंडळात सगळ्यांत मोठ्या.

"म्हंजे मार बी खराच बसणार व्हय?"

"नाही काकू, मार तुम्ही द्यायचा." सर हसले. मग त्यांचं लक्ष आमच्या पायांकडे गेलं. "चपला घालून या. रस्त्यावर काय अनवाणी फिरता?"

एकही बाई हलेना. शाळेचा हॉल, समोर भिंतीवर सरस्वतीचा फोटो! सर म्हणाले, फोटो काढून ठेवू. काकू म्हणाल्या, "देवीला उठवायची तर आदी नारळ आणा." नारळ कोण आणणार यावर अर्धा तास वाद झाला. मग सरांनीच गुपचूप बूट काढले, आणि ती रिॲलिटी शेवटपर्यंत अनवाणीच झाली.

*

मग ओरडणं. नजर समोर, हात पुढे, आणि बेंबीच्या देठापासून एकच आरोळी, "मागे सरका!"

आता कोल्हापूरच्या बायकांना ओरडायला शिकवायचं म्हणजे काय म्हणावं! पहिल्याच आरोळीला पत्रे वाजले. सर खूश. "बघा, आता कसे लोक मदतीला धावतात!"

कुत्रं फिरकलं नाही. सरांनी पुन्हा ओरडायला लावलं. शेवटी वैतागून खिडकी उघडली आणि समोरच्या किराणावाल्याला विचारलं, "अहो, इतक्या बायका ओरडताहेत, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"मंडळाची मीटिंग हाय न्हवं?" तो साखर तोलत म्हणाला. "चालायचंच!"

आणि ज्या एका बाईने ओरडायला हवं होतं, तिचा आवाज निघेना. वैशाली जन्माचीच हळू बोलणारी. सर तिच्यासमोर उभे राहून "अजून मोठ्यांदा!" म्हणून ओरडत होते. ओरडून ओरडून घसा सरांचाच बसला.

*

दुपारी सरांनी नवीन युक्ती काढली. "पर्समधली साधी किल्लीसुद्धा हत्यार आहे. काढा बघू आपापल्या घराच्या किल्ल्या."

पिशव्या उघडल्या. मेथीची जुडी निघाली, चष्मा निघाला, प्रसादाची पुडी निघाली. किल्ली एकीकडेही नाही!

"घराला कुलूप लावत नाही तुम्ही?"

"सासू घरात असती की!" एक म्हणाली. "तिला कुलपात घालू व्हय?"

सरांनी किल्लीचा धडा तिथेच गुंडाळला.

*

मग आला हल्लेखोर. सरांचा मदतनीस, चांगला तिशीचा गडी. अंगभर गाद्या बांधलेल्या, डोक्यावर हेल्मेट. सर म्हणाले, हा खराखुरा अंगावर येईल, आणि तुम्ही तुटून पडायचं. पहिला मान काकूंचा.

तो गुरगुरत आला. काकूंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"पावणं, गाव कंचं?"

तो थबकला. हेल्मेटमधून आवाज आला, "शाहूवाडीकडचं."

"कुणाचा तू?"

त्याने बापाचं नाव सांगितलं, आजोळ सांगितलं, आणि काकूंनी कपाळावर हात मारला. "आगं बाई, आमच्या थोरल्या सुनंच्या मामाचा पोरगा की ह्यो! काढ रं ते डोस्क्यावरचं, उकडत असंल!"

हेल्मेट निघालं, पाठोपाठ चहा आला. पुढच्या बायका मारायला तयार होईनात. पावण्याला कोण मारतं?

"हल्लेखोराला गाव विचारायचं नाही!" सर बसलेल्या घशाने ओरडले. आम्हा सगळ्यांकडून त्यांनी ते घोकून घेतलं. आम्ही एका सुरात, पत्रे वाजवून म्हटलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

घरी आल्यावर मामंजींनी परीक्षा घेतली. "दाखव काय शिकलीस. मी त्यो माणूस हाय असं समज."

आणि हात पसरून पुढे आले. वैशालीने काय करावं? सासरे समोरून येताना दिसताच डोक्यावर पदर घेतला आणि खाली वाकून पाया पडली!

"झालं!" मामंजी म्हणाले. "ह्यो म्हैना भरला की राजीनामा."

स्वयंपाकघरात मी तिच्यावर इतकी चिडले! ती भाकरी थापत हळूच म्हणाली, "अक्का, मला नोकरी सोडायची न्हाय." तेवढंच. पण परातीत टपटप पाणी पडत होतं. मग मलाही रडू आलं.

*

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर इचलकरंजीला गेले. म्हटलं, त्या मेल्याला मीच बघते. येताना आम्ही दोघी शेजारी बसलो. गाडी खच्चून भरलेली, गोंगाटात स्वतःचं बोलणं ऐकू येईना. तो मागे येऊन बसला. चांगला इस्त्रीतला माणूस! थोड्या वेळाने वैशाली एकदम ताठ झाली, आणि मी ओळखलं.

मी उठले. नजर समोर, हात पुढे, आणि बेंबीच्या देठापासून, "मागे सरका!"

मागचे एक म्हातारबा म्हणाले, "सरकतो की बाई, जागा कुठं हाय?" तिकडून कंडक्टर ओरडला, "अवो बाई, मागं न्हाय, पुढं सरका!" आणि गोंगाट पुन्हा सुरू. तो माणूस खिडकीबाहेर बघत चक्क हसत होता. सरांचे पैसे परत मागावेत असं वाटलं मला!

तेवढ्यात वैशाली मागे वळली. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "पावणं, गाव कंचं?"

आणि गाडी गप्प झाली. पुढची माणसंसुद्धा वळली. गाव कुठलं निघतंय हे ऐकायचं असतं ना सगळ्यांना!

सवयीचा गुलाम. त्याने सांगून टाकलं. गावाचं नाव मी सांगत नाही, आमचं आता तिथं येणं-जाणं आहे.

"कुणाच्यातलं?" वैशालीने तितक्याच हळू विचारलं.

तो आता चाचरायला लागला. पण पलीकडच्या सीटवरची म्हातारी ओणवी होऊन बघत होती. "आरं, तू रंगूचा घरजावई न्हवं? तुझ्या लेकीच्या बारशाला आलतो की आमी!"

"बरं झालं, आज्जी," वैशाली म्हणाली. "रंगूमावशीस्नी सांगा, त्यांचं जावई रोज सीटंच्या फटीतनं बोटं घालत्यात."

पुढच्या थांब्याला तो उतरला. मागून कंडक्टर ओरडत होता, "अवो पावणं, तिकीट कोल्हापूरचं हाय!"

घरी मामंजींना सगळं सांगितलं. रंगू निघाली त्यांची सख्खी मावसबहीण, आम्ही सुनांनी कधी न पाहिलेली.

सकाळी मामंजी टोपी घालून पहिल्या गाडीने रंगूकडे गेले, ते दिवेलागणीला परत आले. हातात पिशवी. तीत नारळ, खण आणि एक साडी.

"वैशाली, हे रंगूनं तुला दिलंय. आन उद्याचा डबा येळंवर कर, गाडी चुकंल."

ती वाकून नमस्कार करून आत गेली. मला मात्र राहवेना. "मामंजी, आणि त्या जावयाचं काय?"

"त्यो व्हय?" मामंजींनी टोपी खुंटीला अडकवली. "गोठ्यात हाय. रंगू म्हणली, जावई हाय, हाकलता येत न्हाय."