अप्पर हटचा रविवारचा बँड

अप्पर हटमधल्या त्या क्लबच्या हॉलमध्ये आता जुगाराची यंत्रं आहेत. तिथून गाडी नेताना मी अजूनही दात-ओठ खाते. नवरा म्हणतो, "अगं, किती वर्षं झाली त्याला!" होऊ देत.

दोन हजार सालानंतरची पहिली तीन-चार वर्षं असतील. आम्ही पुण्याहून नवीनच आलो होतो. नवरा आयटीत, रोज ट्रेनने वेलिंग्टनला जायचा. मी गावातल्याच एका फार्मसीत फार्मसिस्ट होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक आजोबा दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचे. एकदा मी लेबलं चिकटवता चिकटवता गुणगुणत होते. त्यांनी विचारलं, "गातेस का तू?"

"छे हो. ऐकते."

"मग रविवारी दुपारी क्लबात ये. मी स्टील गिटार वाजवतो."

"मांडीवर आडवी ठेवून, वर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात, तीच?"

ते बघतच राहिले. "तुला कसं माहीत?"

माझे बाबा वाजवायचे. बँकेत नोकरी, आणि गणपतीत कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार. ती मींड मी लहानपणापासून कानात घेऊन फिरत होते, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला ती मला एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातून पुन्हा ऐकायला मिळाली. पहिल्या रविवारी मी भरल्या हॉलमध्ये रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता सँडविचची थाळी पुढे केली.

अमेरिकेतली जुनी कंट्री गाणी असायची. तुरुंग, ट्रक, मागे राहिलेलं घर, आईचं पत्र. त्या गाण्यांतलं टेनेसी नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर गाणाऱ्यांतल्या निम्म्यांना जमलं नसतं, मलाही नाही. ज्याला गायचं त्याने फळ्यावर नाव लिहायचं आणि बँड साथ करायचा. ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्या दर ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलायच्या. ड्रमवाला थांबायचा, गिटारवाला थांबायचा, आजोबा कांडी सावकाश सरकवत सूर लांबवायचे आणि बाई ऐटीत समेवर यायच्या. त्यांना वाटायचं, आपण बरोबर गातो. मला विचाराल तर गातच होत्या बरोबर.

पुढे आजोबांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, त्याचा तो परिणाम. मी काउंटरवर हळूच म्हटलं, "डोस कमी करायला सांगा, थांबेल हे." ते म्हणाले, "बघतो."

एका रविवारी गाणी संपल्यावर क्लबच्या अध्यक्षांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. म्हणाले, "आपण कॅरिओकेचं मशीन आणलंय. सगळ्या गाण्यांची साथ त्यात तयार आहे. बँडच्या सरावाची कटकट नको, सामानाची जागा वाचेल. आणि खरं सांगायचं तर आपल्या स्टीलवाल्यांचे सूरही हल्ली चुकतायत."

आजोबा तिथेच, गिटारीमागे बसले होते. कुणी वर बघेना. तीस-चाळीस माणसं, वर्षानुवर्षं त्याच माणसाच्या साथीवर गायलेली, आणि सगळी खाली गालिचा बघत होती! माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि ओरडले, "औषधामुळे होतंय ते! नवीन गोळी सुरू झालीय त्यांना! डोस कमी केला की हात थांबतील!"

अध्यक्षांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे, आम्हाला कल्पनाच नव्हती. मग तर त्यांना विश्रांतीच द्यायला हवी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न सुटला होता. आजोबांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

फार्मसीतलं फार्मसीतच राहायला हवं, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. सोमवारी मी मालकिणीला स्वतः सांगितलं आणि लेखी ताकीद घेतली. आजोबांना माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या फार्मसीत गेलं.

महिन्याभराने ते मला स्टेशनवर दिसले. मी धावत गेले. "मला तुमची बाजू घ्यायची होती हो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते मला काढणारच होते. पण मी वादक म्हणून बाहेर पडलो असतो. तू मला पेशंट म्हणून बाहेर काढलंस."

गाडी आली आणि ते चढले. मला राग आला. स्वतःचा, आणि त्यांचासुद्धा. हॉलमधल्या एकाही माणसाला ते चकार शब्द बोलले नव्हते; बोलले ते मला, जी एकटी उठली होती.

तरीही पुढच्या रविवारी मी क्लबात गेले. हट्टाने. त्या म्हाताऱ्या बाई गायला उभ्या राहिल्या. मशीन सुरू झालं. बाईंनी नेहमीसारखी अर्धी मात्रा उशिरा ओळ उचलली. मशीन थांबलं नाही. त्या मागे पडल्या, घाई करायला गेल्या, शब्द विसरल्या. मग माइक धरून नुसत्या उभ्या राहिल्या आणि मशीन एकटंच, अगदी सुरात, पुढे वाजत राहिलं. लोक प्रेमाने टाळ्या वाजवायला लागले. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या. मी जाऊन भिंतीतला प्लग उपटला.

"आता गा तुम्ही," मी म्हटलं.

बाई गोंधळून म्हणाल्या, "पण सूर कोण देणार?" आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

अध्यक्षांनी मला दारापर्यंत सोडलं. फार सभ्यपणे सांगितलं, की तुम्ही आता न आलात तर बरं. मी त्यांना मराठीत काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. वर्ष-दीड वर्षात रविवारची माणसं गळाली, हॉल रिकामा पडायला लागला आणि बारमधली ती जुगाराची यंत्रं भिंत फोडून आत आली.

आजोबांचे हात नंतर थांबले, असं त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं. दुपारी ते गॅरेजमध्ये वाजवत बसतात, रस्त्यापर्यंत ऐकू येतं, म्हणाली. मला त्यांनी कधी बोलावलं नाही. त्या रस्त्याने मीही गेले नाही.