जाणाऱ्यालाच मिळणारे पैसे

“इकामा होऊ दे, मग बघू,” हे भाईंचं ठरलेलं उत्तर. सोफा घ्यायचा असो नाहीतर दुखरी दाढ काढायची असो. इकामा म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना. तो दरवर्षी नवा व्हायचा आणि दरवर्षी ते पुन्हा तेच म्हणायचे. अर्धं आयुष्य पाहुण्यासारखं खुर्चीच्या कडेवर बसून काढणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

जेद्दाच्या ज्या खासगी इस्पितळात मी नर्स आहे, तिथे ते एक्स-रे काढायचे. मूळचे श्रीवर्धनचे. वीसेक वर्षं त्याच अंधाऱ्या खोलीत काढलेली. मी कोल्हापूरची. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते मला ‘सिस्टर’ म्हणायचे, मी त्यांना ‘भाई’.

जेद्दातल्या अल अझीझिया वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कपाटावर रिकाम्या बॅगांची चळत. भाभी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण करायच्या. मुलगी सना जेद्दातच जन्मलेली, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकलेली. बापाने मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची. श्रीवर्धन तिला फक्त सुट्टीपुरतं ठाऊक. तिथले डास आणि चुलत भावंडांची चेष्टा, एवढंच तिच्या लक्षात होतं.

सना बारावी झाली, चांगल्या गुणांनी. तिला फिजिओथेरपी शिकायची होती. मग भाईंची वणवण सुरू झाली.

सौदीतल्या सरकारी विद्यापीठात परदेशी मुलांना जागा मोजक्या. तिचा नंबर लागला नाही. खासगी कॉलेज होतं, पण सवलत आणि मदत तिथल्या नागरिकांच्या मुलांना. हिला पूर्ण फी. कर्जासाठी गेले तर बँकेतला माणूस नम्रपणे म्हणाला, “तुमचा इकामा एका वर्षाचा, कर्ज पाच वर्षांचं. कसं जमणार?” मग भाईंनी महाराष्ट्रातल्या कॉलेजांना फोन लावले. दहावी-बारावी राज्याबाहेर झालेली, म्हणून राज्याच्या कोट्यात बसत नाही; शिष्यवृत्तीही नाही. परदेशी कोट्यातली सीट मिळेल, फी कितीतरी पट.

“म्हणजे सिस्टर,” ते एकदा कॅन्टीनमध्ये चहा ढवळत म्हणाले, “तिथे आम्ही सौदीवाले आणि इथे आम्ही ‘हिंदी’, म्हणजे इंडियावाले. श्रीमंत मात्र दोन्हीकडे.” आणि साखर न घातलेला चहा बराच वेळ ढवळत राहिले.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी जेवायला होते. सना म्हणाली, “अब्बा, छोडो ना. मैं ऑनलाइन कुछ कर लूँगी.”

भाईंनी हातातला घास ताटात ठेवला. “ऑनलाइन कोणत्या पेशंटचा पाय धरशील?” त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. भाभींनी गुपचूप पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

पुढच्या महिन्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर त्यांनी मला थांबवलं. “राजीनामा दिला, सिस्टर.”

“का हो भाई? दुसरीकडे लागलात का कुठे?”

“नाही. सर्व्हिसचे पैसे घेतो. इथे राहिलो तर पगार येतो आणि संपतो. इतक्या वर्षांचा एकरकमी पैसा फक्त जाणाऱ्यालाच मिळतो. तिचं कॉलेज निघेल. सगळं नाही, पण निघेल.” मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “घरी सांगितलंय, गुडघे दुखतात म्हणून सोडतोय. तिने विचारलं तर तुम्ही पण तेच सांगा.”

आजवर साधं डोकं दुखल्याचंही न बोललेला माणूस त्या दिवसापासून लंगडू लागला. इस्पितळात ताठ चालायचे. इमारतीच्या दारापाशी आले की पाय ओढायचे. मी एकदा त्यांच्यासोबत जिना चढले, तेव्हा ते मध्येच थांबले आणि मला विचारलं, “काल कुठला होता?”

सनाने मला एकटीला गाठलं. “आंटी, कल राइट था, आज लेफ्ट है. मैं फिजिओ करनेवाली हूँ, मुझे इतना तो दिखता है.” तिचे डोळे भरले होते. “मुझे जेद्दा छोड़ना भी नहीं है. पर उनको मत बोलना.”

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. त्या घरात सगळ्यांनीच एकमेकांसाठी खोटं बोलायचं ठरवलं होतं, ते मोडणारी मी कोण?

पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा शिक्का लागला. प्लास्टिकच्या खुर्च्या खालच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाला गेल्या. विमानतळावर भाभी कोरड्या डोळ्यांनी बॅगा मोजत होत्या. सना टॅक्सीच्या काचेतून शेवटपर्यंत रस्ता बघत आली होती म्हणे. भाई मात्र रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देत होते.

गेल्या सुट्टीत मी पुण्याला गेले होते. सनाला तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता; तिच्या हॉस्टेलवर डोकावले. भाई तिथेच होते. जमवलेला पैसा दुसऱ्या वर्षालाच पातळ झाला, म्हणून ते महाडला एका एक्स-रे सेंटरमध्ये कामाला लागले आहेत, हे मला फोनवर कळलं होतं. रात्रपाळी करून, सकाळची एसटी पकडून ते डबा घेऊन आले होते आणि वॉचमनच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, दाढी पांढरी.

मी हाक मारणार, तेवढ्यात सना आली. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांच्या मांडीवरचा डबा अलगद उचलला, शेजारी बसली आणि भाकरीचा तुकडा मोडत मला मराठीत म्हणाली, “झोपू दे त्यांना. माझं लेक्चर उशिरा आहे.”

खरं तर तिच्या लेक्चरची वेळ झाली होती. वर्गाला निघालेल्या मुली तिला बोलावत होत्या. ती उठली नाही. भाईंचं डोकं हळूहळू कलंडत तिच्या उजव्या खांद्यावर आलं आणि ती डाव्या हाताने जेवत राहिली.