चार दिवे आणि एक साखळी

सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं : थांबवा. दाराचा आवाज वेगळा आला, थांबवा. दोरखंडावर नको तिथे तेल दिसलं, थांबवा. कंपनीत त्याला ब्रेकमास्तर म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांना चेष्टा करायची होती. त्याने ते पदवीसारखं घेतलं.

घरात मात्र त्याची सत्ता बाल्कनीपुरतीच होती. तिथे त्याचं टेबल, लोखंड पकडायचा शेगडा, भंगारातून आणलेल्या लिफ्टच्या सुट्या भागांचे पाच डबे आणि जुन्या बॅटऱ्या. त्याची बायको कापडाच्या दुकानात काउंटरमागे दिवसाचे आठ तास उभी असते. बाल्कनीत एक खुर्ची टाकावी, कठड्यावर पाय ठेवून बसावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते सहा वर्षं प्रलंबित होतं.

अशात साडूने तळ्याकाठी तंबू ठोकायचा बेत काढला. साडू गाद्या विकतो आणि स्वतःला रानातला वाघ समजतो. दोन्ही जोडपी आणि सासूबाई अशी पाच माणसं, तीन तंबू. "दिव्यांचं बघतो मी. बाजारात मस्त मिळतात," साडू म्हणाला.

"बाजारातले कशाला? मी करतो," ब्रेकमास्तर म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने शांतपणे अट घातली. "रात्रभर दिवे नीट लागले तर टेबल तुमचं, मी पुन्हा बाल्कनीचं नाव काढणार नाही. अंधारात बसायची वेळ आली, तर रविवारी बाल्कनी रिकामी."

"लिहून देऊ का?"

"नको. आईच्या समोर बोलू, म्हणजे झालं."

पुढचे दोन आठवडे तो बाल्कनीतून फक्त जेवायला बाहेर आला. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या मलमाचे पांढरे डबे घरात साठलेच होते. त्यातले चार त्याने धुतले, झाकणाच्या आत एलईडीची पट्टी चिकटवली, वायरीसाठी भोक पाडून तिथे गाठ मारली, म्हणजे ओढली तरी सांधा सुटू नये. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड मऊ येत होता, डोळ्यांत घुसत नव्हता. बारा व्होल्टची बॅटरी लाकडी पेटीत बसवली, पेटीला चार सॉकेट दिली. इथवर काम इतकं सुबक होतं, की इथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारणच उरलं नसतं.

पण लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या दाराला विजेचा एक संपर्क असतो, दार मिटलं की जुळणारा, आणि ते सगळे एका साखळीत जोडलेले असतात. एक दार जरी उघडं राहिलं, तरी साखळी तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. ब्रेकमास्तरने तीच साखळी दिव्यांना लावली. चारांपैकी एक जरी प्लग निघाला, तरी चारही दिवे बंद.

"का पण?" बायकोने विचारलं.

"सुटी वायर ओल्या गवतात पडली तर?"

"बारा व्होल्टची ना? त्याने मुंगी तरी मरेल का?"

"आज बारा. उद्या कुणी आणखी काही जोडेल."

"तळ्यावर? कोण, बेडूक?"

दिव्यांना बटणंही नव्हती. लिफ्टमधला दिवा प्रवाशाच्या हातात कधी देत नाहीत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं : दिव्यांपेक्षा त्यांची सुरक्षाच वजनाने जास्त. जेवणाच्या टेबलावर चारही दिवे सलग सात तास जळले. त्यांना कुणी हात लावला नाही, त्यामुळे चाचणी उत्तम पार पडली.

तळ्याकाठी पहिला तासभर त्याने राज्य केलं. तीन तंबूंत तीन दिवे, चौथा जेवणाच्या जागेवर काठीला टांगलेला. दिवा जरा कोमट झाला की मलमाचा वास यायचा. "दवाखान्यात झोपल्यासारखं वाटणार आज," साडू म्हणाला. "भाऊजी, खरंच छान झालेत हो," मेहुणी म्हणाली आणि नवऱ्याला कोपर मारलं.

सासूबाई रोज आठला झोपतात. आठला त्या तंबूत गेल्या. डोळ्यांवर उजेड येत होता. बटण सापडेना, म्हणून त्यांनी वायर चाचपत नेली आणि तंबूच्या दाराशी ठेवलेल्या पेटीतून सरळ प्लग उपटला.

बाहेर पानं नुकती वाढली होती. साडूचा घास तोंडाशी, मेहुणीच्या हातात पळी, आणि सगळीकडे काळोख.

"अंधार झाला!" साडू ओरडला. त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

ब्रेकमास्तर चाचपडत पेटीपाशी गेला, प्लग बसवला. उजेड आला. पाठोपाठ सासूबाईंचा आवाजही आला. "जावईबापू, हा कंदील मालवा हो!" आणि प्लग पुन्हा निघाला.

"हा बिघाड नाही," तो अंधारात बायकोला म्हणाला. "सिस्टिम बरोबर चालली आहे."

"म्हणजे अंधार करणं हे तिचं कामच?"

"हो."

त्याने सासूबाईंच्या दिव्यावर टॉवेल टाकून पाहिला. टॉवेलखालून मलमाचा वास दुप्पट झाला, त्यांनी टॉवेलही काढला आणि प्लगही. शेवटी बायको बॅटरीचा टॉर्च घेऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "अहो, एक तार जोडून ती साखळी मोडता येत नाही का? लोक करतात ना असं?"

करतात. त्याला जंपर म्हणतात. दाराचा संपर्क त्रास द्यायला लागला, की घाईतला मेकॅनिक तारेचा तुकडा आडवा जोडतो आणि लिफ्ट उघड्या दारानेही पळायला लागते. असे जंपर ठेवून गेलेल्या दोघांना ब्रेकमास्तरने नोकरीवरून घालवलं होतं. त्यातला एक त्याच्या लग्नात पाहुण्यांची पानं वाढायला होता.

त्याने तारेचा तुकडा सोलला. साखळीच्या दोन्ही टोकांशी नेला. हात थांबला.

"पाच सेकंदांचं काम आहे," बायको म्हणाली. "पाच सेकंदांत बाल्कनी तुमची."

"जंपर आहे तो."

"मलमाच्या डब्याचा!"

"डब्याचा असला तरी."

तिने टॉर्च बंद केला. "बरं," ती म्हणाली. "जेवायला चला."

उरलेलं जेवण साडूने तरीही बाजारातून आणलेल्या कंदिलाच्या उजेडात झालं. त्या कंदिलाला तीन तऱ्हा होत्या. साडूला त्यातली लाल उघडझाप तेवढी बंद करता येईना. चौघं अपघाताच्या जागी बसल्यासारखे जेवले. सासूबाई निवांत घोरत होत्या.

रविवारी दुपारपर्यंत बाल्कनी रिकामी झाली. टेबल पलंगाखाली जाईना, म्हणून त्याने त्याचे पाय कापले. आता तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मांडी घालून काम करतो आणि उठताना गुडघ्यांना मलम लावतो. दिव्यांचा नवा संच त्याने तिथेच केला : साखळी नाही, प्रत्येक दिव्याला आपलं बटण. "हे जंपर नाही, हे नवीन डिझाइन आहे," असं त्याने बायकोला न विचारता तीनदा सांगितलं.

ती कठड्यावर पाय ठेवून बसली होती. त्याने दारातून दिवा पुढे केला. "इथे एक टांगू का? बटण आहे याला."

"नको," ती म्हणाली. "दिवसभर दुकानात ट्यूबलाइटखाली असते मी. इथे अंधारच असू द्या."